आबा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा

लग्न होऊन मी तापीकाठच्या आमच्या गावी आले तेव्हा सासऱ्यांची ओळख मला एका फोटोतून करून दिली गेली. बैठकीच्या खोलीत, दाराच्या बरोब्बर समोर, तो लावलेला होता. इंग्रजी अमदानीतल्या प्रांतिक सभागृहाच्या सभासदांचा तो फोटो. सगळे कोट, उपरणी, पगड्या, टोप्या घालून चार रांगांत उभे आणि बसलेले. मी डोक्यावरचा पदर सावरत बराच वेळ बघितलं, पण सासरे काही सापडेनात. मग आबाच पुढे झाले आणि शेवटच्या रांगेत, एका धिप्पाड गृहस्थाच्या खांद्यामागे दिसणाऱ्या पगडीच्या टोकावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही पगडी," ते म्हणाले, "म्हणजे मी."

आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती पगडी दाखवली जायची. पाहुणे मान डोलवायचे. त्या धिप्पाड गृहस्थाला आबांनी मरेपर्यंत माफ केलं नाही.

आबांचं राजकारण इंग्रजांच्या काळात सुरू झालं होतं. आधी जिल्हा लोकल बोर्ड, मग मुंबईचं सभागृह. तेव्हा मत देण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. ज्यांचा शेतसारा बऱ्यापैकी, किंवा जे थोडंफार शिकलेले, तेच मतदार. आमच्या भागातले असे मतदार आबांच्या ओसरीवर मावतील एवढेच, आणि ते खरोखरच ओसरीवर येऊन बसायचे. चहा व्हायचा, पान व्हायचं, कुणीतरी म्हणायचं, "मग आबा, यंदा तुम्हीच." आबा नको नको म्हणायचे. झाला प्रचार.

सभागृहात त्यांनी एकदाच भाषण केलं. म्हणजे सुरू केलं. तापीवर पावसाळ्यात होडीची सोय नाही, या विषयावर. महिनाभर आरशासमोर सराव करून ते उभे राहिले आणि म्हणाले, "सन्माननीय अध्यक्ष महाराज, माझं एवढंच म्हणणं आहे की..." आणि चहाच्या सुट्टीची घंटा झाली. सुट्टीनंतर दुसराच विषय निघाला. पुढच्या अधिवेशनात त्यांना हिवतापानं गाठलं. त्यानंतर लढाई सुरू झाली, मंत्रिमंडळानं राजीनामे दिले, सभागृहाला कुलूप लागलं. आबा गावी परत आले ते माजी होऊनच.

स्वराज्यानंतरची पहिली निवडणूक त्यांनी ओसरीवर बसून काढली. त्यांना वाटलं, लोक येतील आणि "यंदा तुम्हीच" म्हणतील. कुणी आलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता उमेदवारानं मतदाराकडे जायचं असतं. हा धक्का पचवायला त्यांना पाच वर्षं लागली. सत्तावन्न साल जवळ आलं तसे ते एका सकाळी जेवणाआधी म्हणाले, "मी उभा राहतोय. अपक्ष."

आमच्या सासूबाईंना सगळे जिजी म्हणत. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बसेल शेतस तेच बरं नही का?" म्हणजे, बसलेले आहात तेच बरं नाही का?

पण आबा उभे राहिलेच.

पहिली अडचण घरातच निघाली. मतदारयादी तपासायला तलाठी आले होते. मागच्या खेपेला आमच्या भागातल्या कितीतरी बायांनी यादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असंच नाव सांगितलं होतं, आणि ती नावं काढून टाकली गेली होती. जिजीही त्यातल्याच. या खेपेला तलाठी ठाम होते.

"आबा, वहिनींचं नाव सांगा."

"आंडोरनी माय लिखी ल्या ना," आबा म्हणाले. म्हणजे मुलाची आई.

"तसं चालत नाही. खरं नाव पाहिजे."

आबा छताकडे बघायला लागले. मी दाराआड उभी होते, आणि मला जे कळलं त्यानं मला हसू आवरेना. आबांना बायकोचं नाव आठवत नव्हतं. लग्नात तांदळात बोटानं ते त्यांनीच लिहिलं होतं, पण त्यानंतर हाक मारायची वेळच आली नव्हती. आधी "अवं", मग "आंडोरनी माय".

"तांदूयमा लिखं व्हतं मी," आबा हळूच म्हणाले. "पन तांदूय तव्हयच पुसाई गयात."

जिजी आतून बाहेर आल्या आणि त्यांनी आपलं नाव ठणठणीत आवाजात सांगितलं. आबांनी असं बघितलं, जणू कुणीतरी नवीन बाई घरात आली आहे. तलाठ्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "आता नवऱ्याचं नाव?"

जिजींनी तोंड मिटलं. नवऱ्याचं नाव त्या कशा घेतील? शेवटी जिजींचं नाव जिजींनी सांगितलं, आबांचं आबांनी, आणि अशा रीतीनं दोघांनी मिळून एक मतदार पुरा केला.

दुसरी अडचण निशाणीची. त्या काळी कागदावर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली, आणि मतदारानं आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आबांच्या मनात निशाणी म्हणून घोडाच होता. इंग्रजी अमदानीत ते घोड्यावरून फिरायचे, लोकांना ते आठवत असणार, अशी त्यांची खात्री. निशाणी मिळण्याआधीच ते सारंगखेड्याच्या जत्रेत जाऊन घोडा घेऊन आले. पांढराशुभ्र, उंच, मानेवर दाट आयाळ. "असा शांत घोडा साऱ्या जत्रेत नाही," असं विकणारा म्हणाला होता. आबा त्यावर बसून गावात शिरले तेव्हा खरोखरच रुबाबदार दिसत होते.

आठवड्यानं निशाणी मिळाली. शिडी.

आबांनी दोन दिवस घोड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, वडिलांची समजूत घालायला गेले. "आबा, शिडी चांगलीच आहे. वर जाण्याचं साधन."

"रंगाऱ्याचंही तेच साधन आहे," आबा म्हणाले.

पण माघार घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. घोडाही राहिला आणि शिडीही आली. प्रचाराचा थाट असा ठरला: पुढे आबा पांढऱ्या घोड्यावर. मागे आमची दमणी, म्हणजे छप्पर असलेली बैलगाडी, आणि तिच्या छपरावर लांबलचक बांबूची शिडी आडवी बांधलेली. दमणी हाकायला हे. आत मी, कारण आबांची भाषणं मीच लिहून देत होते. धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकले होते ना. घरच्या सुनेनं असं गावोगाव फिरावं का, यावर भाऊबंदांनी कुजबूज केली. जिजींनी ती ऐकली, चुलीवर पाणी ओतलं, लुगडं बदललं आणि त्याही दमणीत येऊन बसल्या. "मी शे ना तिन्हासंगे," त्या म्हणाल्या. कुजबूज थांबली.

आबांच्या भाषणाला एक खोड होती. समोर कुणीही असो, सुरुवात "सन्माननीय अध्यक्ष महाराज" अशीच व्हायची. सभागृहाची सवय. मी कितीदा तरी कागदावर "बंधू-भगिनींनो" असं लिहून दिलं, पण तोंड उघडलं की महाराजच निघायचे. खेड्यातले लोक मागे वळून बघायचे, कुठले महाराज आले म्हणून.

प्रकाशा या तापीवरच्या तीर्थाच्या गावी तर कहरच झाला. घाटाजवळ सभा होती. देवदर्शनाला आलेली माणसंही जमली होती. आबा घोड्यावरून उतरले, खाकरले आणि खड्या आवाजात म्हणाले, "सन्माननीय अध्यक्ष महाराज!"

पिंपळाखाली एक जटाधारी साधू डुलक्या घेत बसला होता. तो दचकून जागा झाला, कमंडलू उचलून सरळ पुढे आला आणि आबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर बसला.

"बोलो भगत, किसलिए याद किया?"

आबांना काय करावं कळेना. साधूला उठवणं पाप, आणि त्याच्यासमोर पाटबंधाऱ्यांवर बोलणं अवघड. तोवर पहिल्या रांगेतली म्हातारी उठून साधूच्या पाया पडली. मग तिच्या मागे सगळी सभाच रांगेत लागली. कुणी नारळ आणला, कुणी केळी. आबा शेजारी हात जोडून उभे. साधूनं शेवटी त्यांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बेटा, कोई तकलीफ?" आबा म्हणाले, "निवडणूक." साधूनं डोळे मिटले, मान हलवली आणि एक केळं त्यांच्या हातात दिलं. सभा संपली. येताना आम्ही सगळ्यांनी मिळून ते केळं खाल्लं.

शिडीनं वेगळाच घोटाळा केला. दमणीवर शिडी बघून कुठल्याशा गावी अशी बातमी उठली की हा उमेदवार मत देणाऱ्याला शिडी देतो. ती बातमी आमच्या आधी पुढच्या गावी पोचायची. आम्ही वेशीत शिरलो की माणसं गोळा व्हायची आणि भाषण संपल्यावर एखादा अदबीनं पुढे यायचा.

"आबा, आमनं मत तुम्हलेच. शिडी कव्हय भेटी?"

आबा समजावून सांगायचे की ती केवळ निशाणी आहे. लोक हिरमुसून घरी जायचे. एका गावात तर आम्ही देवळात बसलो असताना कुणीतरी शिडी सोडून घेऊन गेलं, घर शाकारायला. तास-दोन तासांनी ती परत आणून दिली आणि वर सांगितलं, "चांगली शे शिडी. आमना इचार ध्यानमा ठेवज्यात."

सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो तेव्हा भाषेचा प्रश्न आला. तिथली माणसं पावरी बोलायची. गावचे पोलीस पाटील आबांचं भाषण पावरीत सांगायला तयार झाले. आबांनी मनापासून भाषण केलं. शिक्षण, दळणवळण, जंगलाचे हक्क, सगळं. ते थांबले की पाटील तीन-चार शब्द बोलायचे आणि सगळे हसायचे. पुन्हा आबांचं लांब भाषण, पुन्हा पाटलांचे चार शब्द, पुन्हा हशा.

शेवटी आबांनी विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"सांगं, आबा मत मांगी ऱ्हायना."

"आणि बाकीचं? जंगल? शाळा?"

"ते तुम्ही निवडी येवा मंग सांगसू," पाटील शांतपणे म्हणाले. "आतेच काबर सांगो?"

आबांनी घोडा परत फिरवला. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाटलं असावं की आपण हरू शकतो.

या सगळ्या दौऱ्यात एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. आबा पुढे भाषण करत, आणि दमणीभोवती बाया जमत. त्यांना भाषणाचं काही नसायचं. त्या जिजींशी बोलायच्या: कुणाची लेक सासरी नांदत नाही, कुणाची म्हैस आटली, नदीचा उतार किती निसरडा आहे आणि धुणं घेऊन उतरताना कोण कोण पडलं. जिजी ऐकायच्या, हुंकार द्यायच्या, दुसऱ्या गावी गेल्यावर पहिल्या गावच्या लेकीसाठी स्थळही सुचवायच्या. त्या काही मत मागत नव्हत्या. त्यांना बोलायला मिळत होतं, एवढंच.

आता मुख्य प्रसंग सांगते, ज्यानं आमची निवडणूक संपवली.

शहाद्याचा बाजार होता. विरुद्ध उमेदवार तिथलेच एक तरुण वकील. माणूस अतिशय सज्जन. शिकत असताना आमच्याच घरी जेवायला असायचे, आणि अजूनही आबांना बघितलं की वाकून नमस्कार करायचे. त्या दिवशी बाजारात त्यांची मिरवणूक निघाली होती, आणि मिरवणुकीपुढे बँड. लग्नात वाजवतो तोच बँड, आणि दुसरं येत नसल्यामुळे वाजवतही होता लग्नाचंच.

आम्ही समोरच्या रस्त्यानं आलो. मी दमणीतून बघत होते. बँडचा आवाज आला तसे घोड्याचे कान उभे राहिले. मग त्यानं मान वळवली. आबांनी लगाम ओढला. घोड्यानं लगामाकडे दुर्लक्ष केलं आणि ताठ मानेनं, एकेक पाय उचलून टाकत, तो गर्दीतून सरळ बँडच्या दिशेनं निघाला. लोक बाजूला झाले. बँडच्या पुढ्यात गेल्यावर तो थांबला, आणि नाचायला लागला.

साधंसुधं नाही. पुढचे दोन पाय वर, मग डावा, मग उजवा, मग गोल गिरकी. तो शांत घोडा जन्मभर वरातीत नाचलेला होता हे आम्हाला त्या क्षणी कळलं. आबांनी दोन्ही हातांनी आयाळ धरली होती. पगडी एका कानावर आली. बँडवाले असा घोडा बघून हरखून गेले आणि आणखी जोरात वाजवायला लागले.

"थांबाडा रे! बाजा थांबाडा!" आबा ओरडत होते. "मी प्रचारले निंघेल शे, वरातमा नही!"

कोण ऐकतं? लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी घोड्यावरून नोट ओवाळून बँडवाल्याला दिली. वकिलांच्या एका कार्यकर्त्यानं, त्याचा हेतू चांगलाच होता, पुढे होऊन आबांच्या गळ्यात हार घातला. आणि हाराबरोबर, गर्दीच्या उत्साहात, आबांच्या छातीवर वकिलांच्या पक्षाचा बिल्लाही लागला.

शेवटी वकील स्वतः धावत आले. त्यांनी लगाम धरला, बँड थांबवला आणि म्हणाले, "आबा, सावकाश उतरा. मी धरतो."

आबा उतरले. त्यांनी वकिलांच्या खांद्याचा आधार घेतला, पगडी सरळ केली आणि दोघे शेजारी शेजारी उभे राहून दम खाऊ लागले. नेमकं तेच साऱ्या बाजारानं बघितलं.

जिजी दमणीत पदर तोंडात कोंबून थरथरत होत्या. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशीपासून गावोगाव एकच बातमी: आबांनी वकिलांना पाठिंबा दिला, हार घालून घेतला, आनंदानं नाचले. आम्ही खुलासा करायला फिरलो. पण खुलासा करायला आबा घोड्यावरूनच गेले, आणि जिथं जातील तिथं लोक म्हणायचे, "खुलासा ऱ्हाऊ द्या आबा, पहिले घोडा नाचाडा."

मतदानाच्या दिवशी शाळेत पेट्या मांडल्या होत्या. शिडीचं चित्र इतकं वाईट छापलं होतं की एक म्हातारबुवा बाहेर येऊन म्हणाले, "मी बाजले मत दिधं." उभी करून ठेवलेली बाज, म्हणजे खाट, वाटली असावी त्यांना. बाज ही कुणाचीच निशाणी नव्हती, म्हणजे ते मत आमचंच, असं आम्ही धरलं. जिजी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, हातात हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या होत्या. आत जाऊन त्यांनी सगळ्याच पेट्यांना हळदकुंकू लावलं. मतदान अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, पण तोवर झालेलं होतं.

बाहेर आल्यावर आबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"कोठे टाकं?"

"मत गुप्त ऱ्हास," जिजी म्हणाल्या. "मास्तरनी सांगं ना सकायले."

"अव, पन मी नवरा शे ना तुन्हा!"

"पेटीजोडे नवरा नही ऱ्हास."

आबा पडले. नुसते पडले नाहीत, अनामतही गेली. वकील निवडून आल्यावर पहिल्यांदा आमच्याच घरी पेढे घेऊन आले आणि आबांच्या पाया पडले. आबांनी एक पेढा खाल्ला, फोटोतली पगडी त्यांना पुन्हा एकदा दाखवली, आणि ते गेल्यावर चादर डोक्यावरून घेऊन झोपले.

ते तसेच किती दिवस पडून राहिले असते कोण जाणे. पण लगेच लग्नसराई आली. एक दिवस शेजारच्या गावचे एक जुने जमीनदार आले. इंग्रजी अमदानीतल्या मतदारांपैकीच एक. चाचरत म्हणाले, "आबा, नातवाचं लग्न आहे. तो शहाद्याला नाचला तो घोडा... मिळेल का?"

आबा उठून बसले. "माजी आमदाराचा घोडा वरातीला?"

"तुम्हीही चला ना. तुम्ही आल्याशिवाय आम्हाला बरं वाटणार नाही."

आबा गेले. मग दुसऱ्या लग्नाला गेले. घोडा त्यांच्या हाताला रुळला होता, दुसऱ्या कुणी धरला तर अडून बसायचा, त्यामुळे आबांना जावंच लागायचं. आणि एकदा गेले की माजी आमदार म्हणून पाटावर मानानं बसवलं जायचं, अक्षतांनंतर दोन शब्द बोलायला सांगितलं जायचं. पंगत अजून मांडायची असायची, त्यामुळे कुणी उठून जात नसे. तिथं ना घंटा होती ना साधू. आबा मनसोक्त बोलायचे, नवरा-नवरीला संसार, शेती, पाटबंधारे, सगळं सांगायचे. दोन लग्नसराया गेल्या आणि तालुक्यात असं एकही घर उरलं नाही जिथं आबांनी जेवण केलं नव्हतं. ज्या मतदारांकडे जायचं त्यांना जमलं नव्हतं, ते सगळे असे आपोआप ओळखीचे झाले.

म्हणून नव्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा लोक खरोखरच ओसरीवर आले आणि म्हणाले, "आबा, तुम्हीच." आबा नको नको म्हणाले आणि सरपंच झाले.

पण त्याच कायद्यात बायांसाठीही जागा ठेवल्या होत्या. त्यासाठी बाया ओसरीवर आल्या नाहीत. त्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात आल्या. आणि आबांना कळेपर्यंत जिजी पंचायतीच्या सभासद झालेल्या होत्या.

पंचायतीची बैठक चावडीत व्हायची. मी घरी होते, पण हे सगळं मला ह्यांनी येऊन सांगितलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. पहिलाच मोठा विषय असा, की मिळालेल्या निधीतून काय करायचं. आबांचा बेत तयार होता. गावाच्या वेशीवर दगडी स्वागत-कमान. त्यांनी "सन्माननीय अध्यक्ष महाराज" असं म्हणून सुरुवात केली. मग आपणच अध्यक्ष आहोत हे ध्यानात आल्यावर जरा थांबले, आणि पुढे बोलले. कमानीनं गावाची शान कशी वाढेल, धुळ्याहून येणारे साहेबलोक कसे बघतच राहतील. चांगलं बोलले म्हणे.

मग जिजी बोलल्या. बसल्या जागेवरून, पदर सावरून.

"नदीना उतारले पायऱ्या करा. बाया पडतस."

एवढंच. आबा म्हणाले, "पायऱ्या पुढच्या वर्षी बघू." जिजी म्हणाल्या, "हात वर कराले सांगा."

आबांनी हसत हसत हात वर करायला सांगितलं. कमानीसाठी त्यांनी स्वतःचा हात वर केला. बाकीचे सभासद एकमेकांकडे बघत राहिले. मग जिजींनी पायऱ्यांसाठी हात वर केला. सभासदांनी आबांकडे बघितलं, जिजींकडे बघितलं, आणि आपापल्या घरी संध्याकाळी कोण जेवायला वाढणार आहे याचा विचार केला असावा. एकेक करून सगळे हात वर गेले. कमानीच्या बाजूला आबा एकटे.

घरी दोघं वेगवेगळ्या वाटांनी आले. जिजी येऊन थेट चुलीपुढे बसल्या. आबा पाटावर बसले, पण ताटाला हात लावेनात.

"तू मन्हा विरोधमा हात वर करा?"

"करा." म्हणजे केला.

"काबर?"

"तुम्ही चुकी ऱ्हायनात म्हनीसन," जिजी म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भाकरी टाकली. "जेवी ल्या. थंडी व्हई ऱ्हायनी."

आबा जेवले. जेवताना एकदा थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सभागृहातसुद्धा असा विरोधी पक्ष मी पाहिला नव्हता." मला वाटतं, त्यात थोडा अभिमानही होता. पण मिरच्यांची चटणीही फार तिखट झाली होती, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं ते सांगता येत नाही.

पायऱ्या झाल्या. काळ्या दगडाच्या, रुंद, अगदी पाण्यापर्यंत. उद्घाटनाला आबांनी जुना कोट बाहेर काढून घातला. वरच्या पायरीवर फीत बांधली. समोर पुरुषमंडळी, बाजूला बाया. आबा बोलायला उभे राहिले आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की पायऱ्यांची कल्पना त्यांचीच होती, ती त्यांना फार वर्षांपूर्वी सुचली होती आणि तिच्यासाठी त्यांनी आयुष्यभर झगडा केला होता. मी जिजींकडे बघितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, जणू बातमी पहिल्यांदाच कानावर पडते आहे.

भाषण लांबलं. ऊन चढलं. बाया डोक्यावर धुण्याची बोचकी घेऊन ताटकळत होत्या. शेवटी एक म्हातारी पुढे आली, तिनं फीत एका हातानं वर उचलली, खालून वाकून पलीकडे गेली आणि पायऱ्या उतरायला लागली. तिच्या मागे दुसरी. मग सगळ्याच. आबांच्या अगदी जवळून जाताना एका पोरसवदा सुनेला बोचकं आणि बादली एकदम सांभाळेना. तिनं आबांकडे बघितलं.

"आबा, जरा धरतस का?"

आबांनी बादली धरली. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात बादली, तसेच ते तिच्या मागोमाग पाण्यापर्यंत उतरले. भाषण त्यांनी थांबवलं नव्हतं. आम्हाला वरून ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा कात्रीचा हात हलताना दिसत होता, आणि खाली बाया धुणी आपटत हसत होत्या.